उतरलेले वजन आणि गेलेले बळ

२०२२ च्या ऑगस्टमध्ये कानबाई या आमच्या खानदेशी देवीच्या रोटांच्या उत्सवासाठी आम्ही सगळे अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी गेलो होतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत माझी वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि सहा महिन्यांत माझे वजन ११२ किलोंवरून ८४ किलोंवर आले होते. भाऊबंदांची सगळी घरे एकत्र जमली होती. ओट्यावर पाऊल ठेवल्यापासून जो भेटेल तो माझ्याकडे पाहून थबकत होता. "कशी वाळी गई व माय तू!" असे म्हणत चुलत सासूबाईंनी माझ्या गालांवरून हात फिरवला. मला मनापासून आनंद झाला, कारण मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या होत्या, रात्रीचे घोरणे थांबले होते आणि वीस वर्षांनी मी रेल्वेच्या मधल्या आसनावर शेजाऱ्याला त्रास न देता बसून आले होते.

त्याच संध्याकाळी आरती सुरू झाली, सतरंजीवर बसलेल्या सगळ्या बायका उठल्या आणि मला उठता आले नाही. मी एक गुडघा टेकवला, दोन्ही तळहात जमिनीवर दाबले, तरी मांड्यांमध्ये शरीर वर ढकलण्याइतके बळच नव्हते. शेवटी नणंदेने खाली वाकून खांदा दिला आणि मी तिच्या आधाराने उभी राहिले. ११२ किलोंची असतानाही मला उठायला वेळ लागत असे, परंतु तेव्हा मी स्वतःच्या बळावर उठत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी हापशावरून अर्धी बादली पाणी आणताना मला ती दोनदा खाली ठेवावी लागली. अठ्ठावीस किलो उतरवून मी हलकी झाले होते हे खरे, पण मी अशक्तही झाले होते, आणि हे दुसरे सत्य मला कोणीही सांगितले नव्हते. वजनकाट्याने तर नाहीच.

माझी शस्त्रक्रिया 'स्लीव्ह' प्रकारची होती. तीत जठराचा सुमारे पाऊण ते चार-पंचमांश भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी मागे ठेवतात. भूक चेतवणारे 'घ्रेलिन' हे संप्रेरक जठराच्या ज्या फुगीर वरच्या भागात मोठ्या प्रमाणावर तयार होते तो भागच निघून गेल्यामुळे पहिले काही महिने भूक जवळजवळ लागत नाही. आरंभी पातळ पदार्थ, मग मऊ, मग नेहमीचे अन्न असा क्रम असतो, आणि या काळात दिवसभरात मिळून सहाशे-आठशे कॅलरींच्या पुढे जाणेही अवघड असते. शरीर अशा वेळी साठवलेली चरबी वापरते, हा तर शस्त्रक्रियेचा उद्देशच आहे. मात्र अन्नातून प्रथिने पुरेशी मिळत नसतील तर ते स्नायूही मोडून खाते. उतरलेल्या वजनापैकी साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा चरबीव्यतिरिक्त ऊतींचा असू शकतो, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच होते.

याला आणखी एक कारण आहे, आणि ते माझ्या आहारतज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितले तेव्हा मला सगळ्यात अधिक पटले. ११२ किलोंचे शरीर घेऊन जिना चढणे हे मांड्यांसाठी रोजचे ओझे उचलणेच होते. माझ्या महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर दिवसातून चार वेळा जाताना मी नकळत पायांना कामाला लावत होते. ते ओझे उतरल्यावर स्नायूंचे रोजचे काम कमी झाले, आणि ज्याला काम नाही त्याला शरीर पोसत नाही. एका बाजूने अन्न कमी, दुसऱ्या बाजूने काम कमी, असा दुहेरी मार माझ्या पायांवर सहा महिने पडत होता आणि मी मात्र दर सोमवारी काट्यावरचा आकडा पाहून समाधान मानत होते. त्यांच्याकडील शरीररचना मोजणाऱ्या यंत्राने अठ्ठावीसपैकी जवळजवळ नऊ किलो चरबीचे नसावेत असे दाखवले. असल्या यंत्राचा आकडा अंदाजच असतो आणि अंगातील पाण्याच्या प्रमाणानुसार तो बदलतो, हे त्यांनी लगेच सांगितले. पण सतरंजीवरची संध्याकाळ मला आठवत होती, त्यामुळे तो आकडा खोटा वाटला नाही.

स्नायू म्हणजे केवळ उठण्या-बसण्याची सोय नव्हे. जेवणानंतर इन्शुलिनच्या प्रभावाने रक्तातील जी साखर पेशींत शिरते तिचा सर्वांत मोठा वाटा स्नायूंतच जातो, म्हणून ज्याला मधुमेह परत येऊ द्यायचा नाही त्याने साखर साठवण्याचे हे कोठार राखले पाहिजे. आपल्या लोकांत हे कोठार मुळातच लहान असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कित्येक वर्षांच्या अभ्यासातून दाखवले आहे की भारतीय माणूस वरून सडपातळ दिसत असला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक आणि स्नायूंचे कमी असते, आणि ही ठेवण जन्मापासूनच असते. अशा शरीरातून आणखी स्नायू गमावणे आपल्याला परवडणारे नाही. हाडांचेही तसेच आहे. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः जठराला वळसा देणाऱ्या 'बायपास' प्रकारानंतर, हाडांची घनता कमी होते, आणि स्नायूने हाडावर दिलेला ताण हाच हाडाला टिकून राहण्याचा निरोप असतो. मी सत्तेचाळीस वर्षांची होते, पाळी जाण्याच्या उंबरठ्यावर होते, म्हणजे हाडांच्या दृष्टीने दोन संकटे एकदमच आली होती.

गावाहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी व्यायामशाळेत नाव घालावे असे मला वाटले होते. शल्यचिकित्सकांनी आधी रक्त तपासायला सांगितले आणि ते किती योग्य होते हे अहवाल आल्यावर कळले. हिमोग्लोबिन ९.८ होते, लोहाचा साठा संपत आलेला होता आणि ड जीवनसत्त्व फारच कमी होते. ज्या जळगावात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकतो तिथल्या बाईच्या अंगात ड जीवनसत्त्व नसावे याचे मला नवल वाटले. पण ज्या उन्हापासून आपण दिवसभर पळतो त्याचा उपयोग तरी कसा होणार? बहुजीवनसत्त्वाची गोळी, बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांतले काय, किती आणि किती काळ घ्यायचे हे प्रत्येकाच्या रक्तावर आणि शस्त्रक्रियेच्या प्रकारावर ठरते, मात्र पूरक गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात हे सर्वांना सारखे लागू आहे. मी चौथ्या महिन्यापासून त्यात चालढकल केली होती. त्याच सुमारास मूठ-मूठ केस गळत होते. त्यातली काही गळती एवढ्या झपाट्याने वजन उतरल्यावर होतेच, हे मला ठाऊक होते. पण मी ती पूर्णपणे त्याच खात्यावर टाकून गप्प बसले, ही माझी चूक झाली. रक्त सुधारायला दोन महिने लागले आणि तेवढा काळ मी फक्त मेहरूण तलावाकाठी चालत राहिले.

ऑक्टोबरमध्ये भौतिकोपचार तज्ज्ञांनी (फिजिओथेरपिस्टनी) माझी परीक्षा घेतली. हात छातीशी घेऊन खुर्चीवरून पाच वेळा उठायचे आणि बसायचे, आणि त्याला किती सेकंद लागतात ते मोजायचे, एवढीच ती परीक्षा होती. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला तर शरीराची क्षमता कमी समजतात. मला १७ लागले. हाताची पकड मोजण्याच्या उपकरणावर स्त्रियांसाठी १८ आणि पुरुषांसाठी २८ किलोंखालचा आकडा दुर्बलता दाखवतो. माझा साडेचौदा आला. माझ्या मते प्रत्येक शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांत वजन आणि उंचीच्या शेजारी हे दोन आकडे असायला हवेत. खुर्ची प्रत्येक दवाखान्यात असते आणि घड्याळ प्रत्येकाच्या मनगटावर किंवा मोबाईलमध्ये असते.

पहिले सहा आठवडे मी घरीच व्यायाम केला. जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात टेकवून जोर, दाराच्या कडीत रबरी पट्टा अडकवून तो स्वतःकडे ओढणे, आणि दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन अंगणातून फेऱ्या, एवढेच. खुर्चीवर आरंभी दोन उशा ठेवल्या होत्या, कारण आसन उंच असले की उठणे सोपे जाते. तिसऱ्या आठवड्यात एक उशी निघाली आणि पाचव्यात दुसरी. या दोन उशांनी मला एक तत्त्व शिकवले आणि पुढे व्यायामशाळेतील सगळ्या लोखंडी सामानातही मला तेच दिसले: शरीराला जेवढे जमते त्याहून किंचित अधिक मागायचे, ते त्याने दिले की पुन्हा किंचित अधिक मागायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोतील एका लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म या डॉक्टरांनी जखमी सैनिकांच्या वाळलेल्या मांड्यांसाठी नेमके हेच केले. तोवर अशा रुग्णांना हलक्या भाराने पुष्कळ वेळा पाय हलवायला लावत असत. डीलॉर्म यांनी जड भार थोड्या वेळा उचलायला लावला आणि तो पायरीपायरीने वाढवत नेला. १९४५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. आज व्यायामशाळेत दहा आवृत्त्या (रेप्स) आणि तीन संच (सेट्स) असा जो हिशेब ऐकू येतो त्याचे मूळ पुष्कळ अंशी त्या सैनिकांच्या खाटांजवळ आहे.

डिसेंबरात मी घराजवळच्या व्यायामशाळेत जाऊ लागले. तिथे सकाळच्या वेळी बहुतेक तरुण मुले असतात आणि पन्नाशीकडे झुकलेली, साडी नेसून शिकवायला जाणारी प्राध्यापक बाई तिथे काय करते, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यांवर पहिला आठवडाभर होता. प्रशिक्षक मनाने चांगला मुलगा होता, मात्र जठर कापलेल्या माणसाला त्याने यापूर्वी शिकवलेले नव्हते. व्यायामाआधी बळ यावे म्हणून दोन पिकलेली केळी खाऊन या, असे त्याने सांगितले. रावेर-यावलच्या केळीवर वाढलेल्या आम्हा जळगावकरांना तो सल्ला नैसर्गिकच वाटतो, आणि निरोगी जठराच्या माणसाला तो चुकीचाही नाही. मी केळी खाल्ली, दीड तासाने घरी परतत असताना माझे हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. घरी पोहोचून रक्तातील साखर तपासली तर ती ५८ होती. गोड पदार्थ लहान झालेल्या जठरातून झपाट्याने आतड्यात उतरतो, साखर एकदम चढते, तिला उतरवायला इन्शुलिन गरजेपेक्षा अधिक सुटते आणि एक ते तीन तासांत साखर घसरते. बायपासनंतर हे अधिक आढळते, परंतु स्लीव्ह झालेल्यांनाही होते. आता मी व्यायामाच्या तासभर आधी अर्धे केळे खाते, तेही थोडे कच्चट, आणि त्याच्यासोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा पनीरचा तुकडा, म्हणजे साखर सावकाश चढते. मी प्रशिक्षकाला शस्त्रक्रियेचा कागद नेऊन दाखवला आणि त्यानेही तो नीट वाचून घेतला. हे मी पहिल्या दिवशी करायला हवे होते.

पोटाच्या भिंतीचे भय मला सगळ्यात अधिक वाटत होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडतात. ती बाहेरून भरलेली दिसली तरी आतला थर बळकट व्हायला वेळ लागतो आणि तिथून हर्निया होण्याची शक्यता असते. म्हणूनच पहिले चार ते सहा आठवडे जड काहीही उचलू देत नाहीत आणि त्यानंतरही आपल्या शल्यचिकित्सकांची परवानगी घेऊनच सुरुवात करायची असते. माझ्या बाबतीत तो काळ केव्हाच लोटला होता, तरीही भार उचलताना श्वास सोडायचा आणि खाली आणताना घ्यायचा, कधीही कोंडून धरायचा नाही, ही सवय लागेपर्यंत प्रशिक्षकाने माझा भार वाढवला नाही. श्वास कोंडला की पोटातील दाब आणि रक्तदाब दोन्ही एकदम वाढतात. व्यायाम करताना छिद्रांच्या जागी फुगवटा दिसला, दुखले किंवा ओकारी आली तर त्या दिवशीचा व्यायाम तिथेच संपवायचा, असे मला सांगितले गेले होते आणि दोनदा मी तसे केलेही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम सांगितला आहे आणि त्याबरोबर आठवड्यातून निदान दोन दिवस मोठ्या स्नायूंना बळ देणारा व्यायामही सांगितला आहे. पहिला अर्धा भाग सर्वांना ठाऊक असतो, दुसरा कोणी वाचत नाही. मी मंगळवार आणि शुक्रवार असे दोन दिवस ठरवले आणि सहा महिन्यांनी रविवारही जोडला. मधले दिवस चालण्याचे, कारण स्नायू बांधला जातो तो विश्रांतीत. बैठका, जमिनीवरून भार उचलणे, वरून ओढणे, समोर ढकलणे आणि हातांत वजन घेऊन चालणे, या पाच हालचालींत सगळे शरीर येते. दंडाच्या आणि पोटरीच्या वेगळ्या व्यायामांवर मी वेळ घालवत नाही. प्रत्येक हालचालीचे दोन-तीन संच, एकेका संचात आठ ते बारा आवृत्त्या, आणि शेवटी अजून दोन जमल्या असत्या असे वाटेल तिथे थांबायचे. बारा सहज होऊ लागल्या की पुढच्या वेळी भार अर्ध्या-एक किलोने वाढवायचा. हे सर्व मी दोनशे पानी वहीत लिहिते. पहिल्या पानावर चार किलोंचा डंबेल छातीशी धरून आठ बैठका अशी नोंद आहे, आणि मागच्या महिन्याच्या पानावर जमिनीवरून ५० किलोंचा दांडा पाच वेळा उचलल्याची. मधे दीड महिना गुडघा सुजल्यामुळे बैठका बंद होत्या, त्या पानांवर फक्त हातांच्या व्यायामाच्या नोंदी आहेत.

मला अनेक मैत्रिणी म्हणतात की घरकाम हाच आपला व्यायाम, आपल्या आयांना कुठे व्यायामशाळा होत्या? हा प्रश्न मी गांभीर्याने घेते, कारण माझ्या आईने जात्यावर दळले आहे, विहिरीचे पाणी शेंदले आहे आणि कापसाचे गाठोडे डोक्यावरून वाहिले आहे, आणि सत्तरीतही तिच्या मनगटात माझ्यापेक्षा अधिक जोर होता. परंतु आमचे घरकाम आता ते नाही. पीठ चक्कीतून येते, पाणी नळाला येते आणि कपडे यंत्र धुते. जे उरले आहे ते पोळ्या लाटणे, भांडी घासणे, केर काढणे. त्यात दमणूक पुष्कळ असते, पण ओझे नसते, आणि असले तरी ते वर्षानुवर्षे तेवढेच राहते. दमणे आणि बळ कमावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दिवसभर दमणाऱ्या बायकांना कोणी बळ कमवायला वेळ देत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

व्यायामाइतकेच, किंबहुना त्याहून अवघड, होते ते प्रथिनांचे. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने घ्यावीत असा सर्वसाधारण सल्ला असतो. आमचे घर शाकाहारी आहे, अंडेही चालत नाही, आणि माझ्या जठरात एका वेळी जेमतेम वाटीभर अन्न मावते. खानदेशी ताटाचा विचार या दृष्टीने मी प्रथमच केला. शेवभाजीत तर्री आणि शेव दोन्ही तेलाची. वरण-बट्टीत तुपाने थबथबलेली बट्टी पहिल्या दोन घासांतच पोट भरते. भरीत मला प्राणप्रिय आहे, परंतु वांग्यात प्रथिने नगण्य. याउलट उडदाचे घुटे (घोटलेली डाळ) आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी हे आपल्याकडचे जुने, गरिबाघरचे अन्न फार मोलाचे निघाले. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींत ते भरपूर असते. ज्वारीबरोबर उडीद दळणाऱ्या बाईला हे नाव ठाऊक नव्हते, पण तिच्या भाकरीत एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत होती. आमच्याकडे दळणात पूर्वी ज्वारीच्या चौथ्या हिश्श्याइतका उडीद असे, मी तो तिसरा हिस्सा केला. भाकरी थोडी कडक होते, पण मोडता येते.

तरीही केवळ डाळ-भाकरीवर सत्तर ग्रॅम गाठणे मला शक्य झाले नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. वाटीभर घट्ट घुट्यातून सहा-सात ग्रॅम मिळतात, अर्ध्या भाकरीतून तीनेक, शंभर ग्रॅम दह्यातून चारच्या आत-बाहेर. पन्नास ग्रॅम पनीर नऊ ग्रॅम देते. सोयाबीनच्या कोरड्या वड्यांत निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो, म्हणून पंचवीस ग्रॅम वड्यांची रस्साभाजी मला तेरा ग्रॅम देते; काळ्या मसाल्यात ती चांगलीच लागते. उरलेली तूट भरून काढायला मी सकाळी व्यायामानंतर दुधाच्या निवळीच्या प्रथिनाची भुकटी, जिला सगळे 'व्हे' म्हणतात, ती पाण्यात घेते. एका मापात चोवीस ग्रॅम. ती पोरांची शरीर फुगवण्याची भुकटी आहे असे घरात बोलले गेले. सासूबाईंना मी डब्यावरचा मजकूर वाचून दाखवला आणि ही चीज करताना उरणाऱ्या, पनीरच्या पाण्यासारख्याच निवळीतून काढलेली असते असे सांगितले, तेव्हा त्यांचा विरोध संपला, कारण त्या स्वतः पनीरचे पाणी कणकेत घालतात. ताटात काय आधी खायचे हेही ठरलेले आहे: आधी पनीर किंवा घुटे, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भाकरी. जेवताना पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तासही नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुरणपोळी आणि आमरस समोर आला की हा क्रम पाळणे कठीण जाते; पहिल्या वर्षी मी अर्धी वाटी रस घेतला आणि पंधरा मिनिटांत छातीत धडधड सुरू होऊन मला आडवे व्हावे लागले. आता चार चमचे रस मी जेवणाच्या शेवटी, सावकाश घेते.

खानदेशचा उन्हाळा हा या सगळ्यातला स्वतंत्र विषय आहे. मार्चच्या अखेरीस आमच्याकडे ऊन तापू लागते आणि मे महिन्यात रात्रीही भिंती गरम असतात. निरोगी माणूस घामाने गेलेले पाणी तांब्याभर पिऊन भरून काढतो. जठर लहान झालेल्या माणसाला तांब्याभर पाणी एकदम पिताच येत नाही. पहिल्या उन्हाळ्यात माझ्यावर दोनदा चक्कर येण्याची वेळ आली. तेव्हापासून एप्रिल ते जून मी पहाटे साडेपाचला व्यायामशाळा उघडताच जाते, साडेसहापर्यंत संपवते, भार वाढवत नाही, फक्त टिकवते, आणि दोन संचांमधल्या विश्रांतीत दोन घोट पाणी पिते. दिवसभरात दीड-दोन लिटर भरावे म्हणून वर्गात टेबलावर बाटली ठेवते आणि विद्यार्थी कविता वाचत असताना घोट घेते. दुपारी मीठ-जिरे घातलेले पातळ ताक.

या वयात काय होणार, असे मला स्वतःलाही वाटत होते. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातल्या दहा माणसांवर झालेला अभ्यास भौतिकोपचार तज्ज्ञांनी मला सांगितला. आठ आठवडे जड भाराने पायांचा व्यायाम केल्यावर त्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले होते. नव्वदीत वाढते तर सत्तेचाळिशीत का नाही, असे म्हणून मी पहिली वही विकत घेतली होती. वर्षभराने माझी खुर्चीची वेळ ९ सेकंदांवर आली आणि पकड २३ किलोंवर. भरलेला गॅस सिलिंडर, जो टाकीसह तीस किलोंच्या आसपास असतो, मी आता स्वयंपाकघरात स्वतः उचलून ठेवते.

वजन सर्वांत कमी झाले तेव्हा ७४ होते. गेल्या दोन वर्षांत ते ७७ झाले आहे. पहिल्यांदा काटा वर सरकलेला पाहून मी घाबरले होते. कंबरेचे माप मात्र तेवढेच होते, तीन महिन्यांची साखरेची सरासरी (एचबीए१सी) ५.६ टक्के होती आणि वहीतले आकडे वाढत होते, त्यामुळे डॉक्टरांनी त्या तीन किलोंविषयी काळजी करण्याचे कारण नाही असे सांगितले. हल्ली महाविद्यालयातील सहकारी मला वजन घटवणाऱ्या नव्या इंजेक्शनांविषयी विचारतात. त्या औषधांची बाजू मांडणे किंवा खोडून काढणे हे माझे काम नाही, पण वजन झपाट्याने उतरले की स्नायूही जातात हे तिथेही खरे आहे, एवढे मी प्रत्येकाला सांगते आणि खुर्चीची परीक्षा करून पाहायला लावते.

ज्या नणंदेने सतरंजीवरून मला उठवले होते तिची स्वतःची शस्त्रक्रिया येत्या जानेवारीत आहे. तिचे वजन १०६ किलो आहे, दोन्ही गुडघे दुखतात आणि मधुमेह दहा वर्षांचा आहे. शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच बळ कमावून ठेवावे असे तिच्या डॉक्टरांनीही सांगितले, कारण पुढच्या सहा महिन्यांत जे जाणार आहे ते आधी थोडे साठवता येते आणि मुख्य म्हणजे हालचालींची सवय होते. दोन महिन्यांसाठी ती आमच्याकडे राहायला आली आहे. तिच्या खुर्चीवर अजून एक उशी आहे. पाच वेळा उठायला तिला पहिल्या दिवशी २१ सेकंद लागले होते, काल १६ लागले. मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे आम्ही दोघी चालत व्यायामशाळेत जातो. तिची वही वेगळी आहे, पहिल्या पानावर तिच्याच अक्षरांत लिहिले आहे: दोन किलो, सहा वेळा.